छपरावरचे खडे

मे महिना संपत आला होता आणि पावसाआधीची कामे उरकण्याची धांदल चालू होती, तेव्हा चिपळूणमधल्या एका आजींचा फोन आला. मागच्या अंगणावर डिसेंबरात दुसऱ्या कोणाकडून बसवून घेतलेल्या पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे एका कडक प्लॅस्टिकच्या, छपरावर रोज संध्याकाळी कोणीतरी खडे मारते, असे त्यांचे म्हणणे होते. घरात त्या एकट्याच असल्यामुळे दिवेलागणीनंतर मागचे दार उघडणे त्यांनी बंद केले होते, आणि हे ऐकून मला फार वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लावून वर पाहिले, तर खडा एकही नव्हता. मात्र काही स्क्रूंभोवती केसासारख्या भेगा होत्या. भोके स्क्रूच्या मापाचीच, म्हणजे ६ मिलिमीटरची पाडलेली होती, वॉशरचे रबर चेपून बाहेर आले होते आणि शीटची वरची कड भिंतीला घट्ट भिडली होती. पॉलिकार्बोनेट उष्णतेने लोखंडाच्या पाचपट वाढते. तापमानात ३५ अंशांचा फरक पडला की १२ फुटी शीटची लांबी सुमारे ८ मिलिमीटरने बदलते. त्या वाढीला जागा नसली की शीट दुपारभर अडकून राहते आणि ऊन उतरल्यावर आखडताना एकेका स्क्रूपाशी टक् टक् करत सुटते. आजींना ऐकू येत होता तो हाच आवाज.

आम्ही सगळ्या शीट उतरवल्या. जोडीदार म्हणाला, "दादा, कड कापायला ग्राइंडर लावू का? दोन मिनिटांत होईल." मी नको म्हटले, कारण ही शीट आतून पोकळ, शेजारी-शेजारी नळ्या असलेली असते आणि ग्राइंडरच्या उष्णतेने तिच्या पातळ भिंती वितळून नळ्यांची तोंडे बुजतात. प्लायच्या दोन पट्ट्यांमध्ये शीट दाबून, बारीक दातांच्या ब्लेडने, जिगसॉ सावकाश चालवत भिंतीकडची १० मिलिमीटर कड कापली. कापताना उडालेला भुसा स्थिर विजेच्या भाराने नळ्यांच्या आत चिकटून बसतो. तो ब्लोअरने पूर्ण काढल्यावरच वरच्या तोंडावर ॲल्युमिनियमची टेप लावली. हे काम कंटाळवाणे आहे, पण मी ते कधीही टाळत नाही. आत घाण राहिली आणि ओल शिरली, की पुढच्या वर्षी शीटमध्ये हिरवे शेवाळ दिसू लागते आणि ते काढता येत नाही. मधल्या रांगेतली भोके तशीच ठेवून बाकीची १२ मिलिमीटरची केली, रुंद वॉशर घातले आणि लहान भेगांच्या टोकाशी ३ मिलिमीटरचे भोक पाडून त्या तिथेच थांबवल्या. एक शीट कडेपर्यंत चिरली होती, ती मात्र बदलावी लागली.

संध्याकाळी आजींनी आम्हाला चहासाठी थांबवून घेतले आणि कित्येक दिवसांनी मागच्या पायरीवर येऊन बसल्या. सात वाजेपर्यंत छप्पर शांत होते. मग पन्हळीच्या बाजूने एकदा स्पष्ट टक् झाले आणि त्यांचा हात कपावर थबकला. मी बॅटरी घेऊन शिडीवर चढलो. तिथला एक स्क्रू जोडीदाराने जास्त आवळला होता. तो पाव फेरा सैल केला आणि खाली येऊन पुन्हा त्यांच्याजवळ बसलो.