नाव मोठं, गॅसचं बिल कुणाचं?

लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी आग लागली आणि ७२ माणसं गेली. वाचलेल्या अनेक कुटुंबांची सोय हॉटेलांत झाली, पण हॉटेलच्या खोलीत चूल कुठली? जवळच्या अल मनार या मुस्लिम सांस्कृतिक केंद्राच्या स्वयंपाकघरात बायका घरच्यांसाठी आणि शेजाऱ्यांसाठी रांधू लागल्या. तेच हब कम्युनिटी किचन. यातला ‘हब’ इंग्रजी नव्हे, अरबी; अर्थ प्रेम.

जानेवारी २०१८मध्ये ब्रिटनच्या राजपुत्र हॅरीची वाग्दत्त वधू मेगन मार्कल तिथे गेली, तेव्हा हे स्वयंपाकघर आठवड्यातून दोनच दिवस चालत होतं. रोज का नाही, तर पैसे नाहीत. त्यातून सप्टेंबर २०१८मध्ये ‘टुगेदर’ हे पाककृतींचं पुस्तक आलं. पन्नासहून अधिक पाककृती त्या बायकांच्या, प्रस्तावना मेगनची, आणि विक्रीचे पैसे स्वयंपाकघर जास्त दिवस चालवण्यासाठी. एप्रन बांधून फोटो तिनेही काढले, त्यात गैर काही नाही. पण खरं काम केलं ते पुस्तकाने. एका दिवसाचं जेवण घालायला दाता पटकन मिळतो. भाडं, गॅस आणि भांडी घासणाऱ्या बाईचा पगार द्यायला कुणी येत नाही. कुणी नामवंत मदतीला तयार असेल, तर त्याच्याकडे आधी हेच मागावं.

तरीही असा नामवंत पाहुणा आपल्या सामुदायिक स्वयंपाकघरात वाढायला येणारच. मग बेत खिचडीचा ठेवा, पण हिशेबाने. २०० माणसांना १४ किलो तांदूळ, ६ किलो मूगडाळ, दीड ते दोन लिटर तेल, १०० ग्रॅम हळद आणि साधारण ८०० ग्रॅम मीठ. मीठ दोनदा घाला, दुसऱ्यांदा चव बघून. घरी चौपट पाणी लागत असलं, तरी मोठ्या टोपात वाफ कमी जाते, म्हणून ६० ते ६५ लिटर पुरतं. आधण वेगळ्या भांड्यात ठेवा. त्यालाच पाऊण तास ते तास लागतो आणि वेळापत्रक चुकतं ते इथेच. शिजायला ३५-४० मिनिटं, वर १५ मिनिटं दम.

डाळ जड, ती तळाशी बसते आणि करपते. पहिली वीस मिनिटं लांब उलथण्याने तळापासून हलवत राहावं लागतं. लागलीच, तर तळ अजिबात खरवडू नका. वरची खिचडी अलगद दुसऱ्या टोपात काढा. खरवडलं की करपट वास सगळ्या खिचडीला लागतो.

पाहुणा उशिरा येतो, हे गृहीतच धरायचं. झाकून ठेवलेली खिचडी तासाभरात गोळा होते, म्हणून ८-१० लिटर मिठाचं उकळतं पाणी बाजूला ठेवा. गार पाणी कधीच नको. खिचडी ६० अंश सेल्सिअसच्या वर राहायला हवी. त्याखाली दोन तासांहून जास्त राहिली तर फेकायची, पाहुणा कितीही मोठा असो. भातातल्या बॅसिलस सिरिअस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, आणि कोमट भातात त्यांतून वाढलेले जिवाणू जे विष तयार करतात ते पुन्हा उकळूनही जात नाही. त्यापेक्षा ठरल्या वेळेला पंगत बसवावी. पाहुण्याच्या हातून शेवटच्या दहा जणांना वाढून घेतलं तरी फोटो तोच येतो. कॅमेरेवाले आणि अंगरक्षक मात्र शेगडीपासून लांब, वाढपाच्या बाजूलाच. पोळण्याचे प्रकार या गर्दीत होतात.

दुसऱ्या दिवसापासून वेगळाच ताप सुरू होतो. पाहुण्याने केलेलं मदतीचं आवाहन गाजलं की तांदळाच्या एकेक किलोच्या पिशव्या येऊ लागतात: कोलम, इंद्रायणी, बासमती, रेशनचा, सगळं एकत्र. नवा इंद्रायणी मऊ होऊन चिकटतो तोवर जुना बासमती कणीदारच असतो, म्हणजे एका टोपात अर्धा लगदा, अर्धा कच्चा. आवाहन लिहितानाच मजकूर नेमका हवा: एकाच जातीचा जुना तांदूळ, २५ किलोची बंद गोणी, नाहीतर १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचे पैसे.