वही मिटा आणि सांगा

आपल्या शाळेला पन्नास वर्षं झाली आणि स्मरणिकेसाठी मनोगत लिहा असं पत्र आलं, तेव्हा कशावर लिहायचं याचा मला विचार करावा लागला नाही. मी पुण्यात जपानी भाषेची दुभाषी म्हणून काम करते. जपानहून आलेले अभियंते आणि आपल्याकडचे फोरमन, सुपरवायझर यांच्यामध्ये उभं राहून एकाचं म्हणणं दुसऱ्यापर्यंत पोहोचवायचं, हे माझं काम. 'तुम्हाला भाषांची उपजत देणगी असणार' असं पुष्कळजण म्हणतात. मला ते पटत नाही. अभ्यास कसा करायचा हे मला आपल्या संस्कृतच्या सरांनी आठवी ते दहावी या तीन वर्षांत शिकवलं आणि तेच आजवर पुरलं आहे.

सरांचा तास ज्यांनी अनुभवला त्यांना त्याची घडी आठवत असेल. पहिली पाच मिनिटं कालच्या धड्याची. शनिवारी सगळ्या आठवड्याची उजळणी, महिनाअखेर महिन्याची. नवं सुभाषित फळ्यावर लिहून दोनदा म्हणून झालं की सर म्हणायचे, "वही मिटा आणि सांगा." अडलं तरी लगेच वही उघडायची नाही. आधी डोक्याला ताण द्यायचा, शेजारच्याला पहिलं अक्षर विचारायचं, आणि अगदीच नाही जमलं तर वही. नुसतं वाचत राहिलं की सगळं येतंय असं वाटतं, खरं काय ते वही मिटल्यावरच कळतं, हे त्यांचं ठाम मत होतं.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 साली आपल्या स्मरणशक्तीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि ठरावीक वेळाने किती शिल्लक राहतं ते मोजायचं, असे ते प्रयोग होते. विसरणं सर्वांत जास्त पहिल्या काही तासांत होतं आणि एका बैठकीत घोकण्यापेक्षा अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते, असं त्याला आढळलं. पुढे 1970च्या दशकात सेबास्टियान लाइटनर या विज्ञान पत्रकाराने खोक्यात कप्पे करून कार्डं ठेवायची रीत लोकप्रिय केली. बरोबर आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात जातं आणि उशिरा परत येतं, चुकलेलं पहिल्या कप्प्यात येऊन उद्याच समोर उभं राहतं. हे सगळं मी नंतर वाचलं. वाचताना सरांचा शनिवारचा तास डोळ्यांपुढे होता.

त्यांची दुसरी शिकवण मला याहूनही मोलाची वाटते. 'देव' शब्द पाठ झाला होता, आता 'वन' चालवायचा होता. आम्ही घोकायला बसणार इतक्यात सरांनी दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहायला लावले आणि म्हणाले, "आधी वेगळं काय ते शोधा." तृतीयेपासून सप्तमीपर्यंत रूपं तीच. वेगळं फक्त प्रथमा-द्वितीयेचं 'वनम् वने वनानि', आणि संबोधनातला किरकोळ फरक. "मग तेवढंच पाठ करा," म्हणाले. वर्गात एकदम हायसं झालं होतं.

कॉलेजात असताना रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानीला प्रवेश घेतला आणि पहिल्याच आठवड्यात ही सवय कामी आली. हिरागाना लिपीची मूळ अक्षरं 46. तक्ता हातात आला तेव्हा मी क्रम बघत राहिले. आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा तर आपल्याच वर्णमालेचा सांगाडा! बौद्ध भिक्षूंबरोबर संस्कृत लिहायची जुनी सिद्धम् लिपी आणि संस्कृतचं ध्वनिशास्त्र जपानात पोहोचलं, त्याची ही खूण. आपल्या 'प' वर्गाच्या जागी तिथे 'हा' का, याचंही उत्तर आहे. जुन्या जपानीत त्या जागी 'प'च होता. पहिलीत म्हटलेली बाराखडी पाठीशी असताना ती 46 अक्षरं सुटी सुटी घोकायची गरजच उरली नाही.

क्रियापदांच्या 'ते' रूपाशी (साधारण आपल्या 'वाचून', 'घेऊन'सारखं रूप) पोचलो की बहुतेक विद्यार्थी हात टेकतात. मी 'देव' आणि 'वन'सारखे गट पाडले. शेवटी उ, त्सु आणि बऱ्याचदा रु असेल तर 'त्ते': मात्सुचं मात्ते, तोरुचं तोत्ते. शेवटी मु, बु, नु असेल तर 'न्दे': योमुचं योन्दे. 'इकु'चं 'इत्ते' मात्र गटाबाहेरचं, म्हणून ते एकटं वेगळ्या कार्डावर.

कांजी म्हणजे चिनी लिपीतून आलेल्या चिन्हांची भीती सगळ्यांना असते आणि ती साहजिक आहे. रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या सरकारी यादीतच 2136 चिन्हं आहेत. पण तीही सुटी नाहीत. 'निळा' या अर्थाच्या चिन्हाचा एक उच्चार 'सेइ'. त्याच्या डावीकडे पाण्याचे तीन थेंब काढले की अर्थ होतो स्वच्छ, सूर्य काढला की निरभ्र आकाश, तांदूळ काढला की सत्त्व. उच्चार तिन्हींचा 'सेइ'च. डावी बाजू अर्थ सुचवते, उजवी उच्चार. दर वेळी हे लागू पडत नाही, पण जिथे पडतं तिथे एका चिन्हाच्या कष्टात चार चिन्हं हाती लागतात. मी चिन्हांची वही अशा कुटुंबांप्रमाणेच लावली होती.

मराठी माध्यमाच्या मुलांना एक मुद्दाम सांगायचं आहे. जपानीची पुस्तकं बहुधा इंग्रजीतून समजावतात, म्हणून आपण मागे पडू असं वाटून घेऊ नका. जपानीत क्रियापद शेवटी येतं आणि आपल्या विभक्तीसारखे प्रत्यय नामाच्या मागे लागतात. 'कारखान्यात' म्हणजे 'कोजो दे'. वाक्य मराठीतून जुळवा, इंग्रजीचा वळसा घेऊ नका.

बोलण्याचा सराव आम्ही मैत्रिणी सिंहगड रोडवरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात करायचो. ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ती बाग केली आहे. आमचा नियम एकच होता. शब्द अडला तर थांबायचं नाही, मराठीवर यायचं नाही, वस्तूचं वर्णन करत पुढे जायचं. या नियमावर माझं आजचं काम चालतं. एकदा एका जपानी अभियंत्याने सुटा भाग हातात घेऊन 'बारी' असा शब्द वापरला. तो मला ठाऊक नव्हता. मी विचारलं, कुठे असतं ते, दिसतं कसं, त्याने बिघडतं काय? त्याने भोकाच्या कडेवरून नख फिरवलं आणि तिथलं बारीक टोक मला दाखवलं. शेजारचे फोरमन लगेच म्हणाले, "अहो मॅडम, बर आलाय!" आणि पुढची चर्चा सुरळीत झाली. असं विचारता येणं हीसुद्धा शिकायची आणि गिरवायची गोष्ट आहे.

आता नववी-दहावीतल्या मुलांची पत्रं येतात, जपानी घेऊ का म्हणून. जरूर घ्या. जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरात होते. एन-फाइव्हपासून एन-वनपर्यंत पाच पायऱ्या आहेत. त्यात तोंडी परीक्षा नसते, त्यामुळे नुसती परीक्षेची तयारी केलेल्यांचं बोलणं कच्चं राहतं. दिवाळीच्या सुट्टीत मी गावीच असते. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी सकाळी घरी यावं. येताना कोऱ्या कार्डांचा एक गठ्ठा आणा. बोलायला पहिल्याच दिवशी लागायचं आहे.

— माजी विद्यार्थिनी