दुसऱ्यांचे डबे

आमच्या स्वयंपाकघरात ट्रॉलीच्या तळाशी दुसऱ्यांचे डबे असतात. मुद्दाम कुणी ठेवत नाही, साठतात. परवा दुपारी कुकरचं भांडं शोधताना सगळे बाहेर काढले, तर एकावर ‘मामाकडून सप्रेम भेट, १५-५-८३’ असं मशिनने कोरलेलं. कुणाचा मामा, देव जाणे. एकाला झाकण नाही, एक झाकण नुसतंच. आणि सगळ्यांच्या खाली फिकट निळ्या झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, तळाला जपानी अक्षरं. हा मात्र आपसूक आलेला नाही. मीच तो कावासाकीहून बॅगेत घालून आणला.

तिथे कामाला असताना एका फेब्रुवारीत मला फ्लू झाला. क्लिनिकमध्ये नाकात काडी घालून लगेच निकाल सांगितला, इन्फ्लुएंझा ए, आणि ऑफिसने घरी बसवलं. तिकडे शाळेच्या मुलांना नियमच आहे: ताप आल्यापासून पाच दिवस आणि उतरल्यावर आणखी दोन दिवस शाळेत यायचं नाही. आमच्या ऑफिसने तोच मला लावला. इथे ताप अंगात घेऊन ८.१३ ची लोकल पकडणाऱ्यांचं कौतुक होतं. तिथे मी नुसता फोन उचलला तरी साहेब अस्वस्थ.

थर्मामीटर काखेत धरला, आकडा आला ३९.२. मला काहीच वाटेना. तोच ताप १०२.५ म्हटला असता तर केवढी धसकले असते! ताप फॅरनहाइटमध्येच यायला हवा, या मतावर मी आजही ठाम आहे.

कारण १०२ म्हणजे नौपाड्यातलं आमचं जुनं घर, कॉटवर मी आणि कपाळावर कोलनवॉटरची घडी. डॉक्टरांकडे बाटली आपली न्यायची. कंपाउंडर त्यात लाल औषध भरून देणार आणि डोस कळावेत म्हणून बाटलीला खाचा कापलेली कागदाची पट्टी चिकटवणार. संध्याकाळी भेटायला येणाऱ्यांची रांग. मोसंबी आणायची, माझ्या कपाळाला हात लावून ‘उतरलाय की’ म्हणायचं, आणि मग बाहेरच्या खोलीत बसून चहा पीत ‘आमच्या धाकट्याला टायफॉइड झाला होता तेव्हा’ ही गोष्ट सुरू. आई चहा करून करून दमायची. मला तेव्हापासून वाटतं, आजाऱ्याला भेटायला येणाऱ्याने दारातूनच परत फिरावं.

कावासाकीत माझ्या मनासारखं झालं. शेजारी एक आजी राहायच्या. एरवी आमचं बोलणं जिन्यात मान लववण्यापुरतं. मी दोन दिवस दिसले नाही आणि खोकला तेवढा भिंतीपलीकडे ऐकू गेला असणार. सकाळी दार उघडलं तर बाहेरच्या मुठीला पिशवी लटकवलेली. पोकारी स्वेट या क्षारयुक्त पेयाची बाटली, कपाळावर चिकटवायच्या गार पट्ट्या (म्हणजे कोलनवॉटरची सोय, फक्त सुगंध नाही) आणि तो निळ्या झाकणाचा डबा. डब्यात ओकायु: एक भाग तांदूळ, पाच भाग पाणी, किंचित मीठ. आपला मऊ भातच, तुपाविना, म्हणजे तसा अपुराच. मधोमध एक लालबुंद उमेबोशी, आंबटखारट, लिंबाच्या मुरलेल्या लोणच्याची चुलत बहीण. तोंडाला चव नव्हती, तरी डबा पुसून खाल्ला.

दुसरी मदत मात्र दारातून परत फिरणारी नव्हती. टोकियोतल्या नीशी-कासाईला वायटूकेच्या, म्हणजे २००० सालच्या सुमारापासून आपल्या लोकांची वस्ती वाढत गेली आहे. तिथल्या एक वहिनी, गणपतीत ओळख झालेल्या, गाड्या बदलत थेट आल्या. मी फोनवर ‘येऊ नका, फ्लू आहे’ म्हणाले तर ‘मास्क आहे ना’ म्हणून त्यांनी फोन ठेवला. आल्या त्या जुन्या कॉफीच्या बाटलीत तूप आणि पुडीत मेतकूट घेऊन. भांडी घासली, चादर बदलली, औषधं वाचली, न कळलेल्या सूचना माझ्या ऑफिसात फोन करून समजून घेतल्या. आणि मग बसल्याच. ‘नौपाड्याची ना तू? भास्कर कॉलनीत माझी आत्या असते.’ आत्याचं सगळं ऐकून झालं, आत्याच्या सुनेचंही. मी माझं धोरण त्या दिवसापुरतं गुंडाळून ठेवलं. त्या निघाल्या तेव्हा खरं तर आणखी एखादी नणंद असती तर बरं, असं वाटलं.

बरी झाल्यावर ऑफिसातल्या एकीने मला रीत समजावली. आजारपणात ज्यांनी काही दिलं त्यांना बरं झाल्यावर परतभेट द्यायची, साधारण निम्म्या किंवा तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीची. आणि तीही संपून जाणारी: साबण, साखर, मिठाई. आजारपणाचं काही मागे उरू नये म्हणून. आजाऱ्याला कुंडीतलं रोप तर मुळीच न्यायचं नाही, ते मूळ धरतं. मी हसले. आमच्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत गेला तर आई कासावीस व्हायची. काही नाही तर मूठभर साखर, पण डब्यात काहीतरी हवं.

म्हणून मी आजींच्या डब्यात बेसनाचे लाडू घालून दिले. चार दिवसांत डबा संत्री घेऊन परत. मग मी चिवडा, त्यांनी उकडलेली रताळी. हे वर्षभर चाललं. मी निघाले तेव्हा डबा माझ्याकडे होता, एवढंच.

घरी यातलं काही सांगितलं नव्हतं. रविवारी ठाण्यातले आठ म्हणजे तिथले साडेअकरा, तेव्हा व्हिडिओ कॉल असायचा. त्या रविवारी मी कॅमेरा बंद ठेवला. बाबांनी फोन नेहमीप्रमाणे छताकडे धरलेला. आमच्याकडे व्हिडिओ कॉल म्हणजे पंख्याशी गप्पा. सगळं छान? छान. जेवलीस? हो.

मे महिन्यात सुट्टीवर आले तर ओट्यावर एक मोठा, अनोळखी स्टीलचा डबा.

‘तिसऱ्या मजल्यावरच्यांचा,’ आई म्हणाली. ‘तेव्हा आठवडाभर त्यांनीच डबा दिला ना. बाबांचं बिनमिठाचं वेगळं.’

‘तेव्हा म्हणजे कधी?’

आईने नळ सोडला आणि भांडी विसळायला घेतली. बाबांची अँजिओप्लास्टी, त्याच फेब्रुवारीत, त्याच आठवड्यात. मी तो रविवार आठवायला लागले. आमच्या हॉलचा पंखा चॉकलेटी आहे. त्या दिवशीचा पांढरा होता.

बाबा बाहेर पेपर वाचत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी पेपर खाली केला, चष्म्यावरून बघितलं आणि मी तोंड उघडायच्या आत विचारलं, ‘तू कॅमेरा का बंद ठेवला होतास?’

मी म्हटलं, नेट स्लो होतं.