मी आजींचे टाके उसवले

शनिवार, रात्रीचे सव्वादहा

आज गोधडीचा शनिवार होता. खरं तर जेवण झाल्याबरोबर झोपणार होते पण झोप येईना, म्हणून लिहायला बसले. सकाळी जे झालं ते घरात कोणाला सांगितलेलं नाही, सांगितलं असतं तर हे म्हणाले असते की अगं चार ओळींचं काय एवढं.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमचा नागपूरचा गोधडी ग्रुप जमतो. थंडीत त्रिमूर्तीनगरच्या गच्चीवर, उन्हाळ्यात बँकवाल्या काकूंच्या हॉलमधे कूलरसमोर (म्हणजे कूलरपासून लांब, नाहीतर मांडलेलं सगळं उडतं, आणि लांब बसलं की घामानं सुई बोटातून सटकते, एप्रिल-मे मधे टाके कमी अन भांडणंच जास्त होतात). आम्ही अकरा बायका आणि एक महाल भागातले टेलरकाका, जे आले होते शिलाई मशीन दुरुस्त करायला आणि मग येतच राहिले. महिन्याचे पन्नास रुपये, ते बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात. हिशोब बँकवाल्या काकूंकडे. त्यांनीच एकदा गणित मांडलं होतं, गोधडी पाच बाय सात, अर्ध्या अर्ध्या इंचावर ओळ घ्यायची तर १२० ओळी, प्रत्येक ओळ सात फुटाची, म्हणजे ८४० फूट धावदोरा, पाव किलोमीटर! तेव्हापासून कोणी चालायला जायचा कंटाळा केला की आम्ही म्हणतो, आज सुईनं चाल.

ग्रुप सुरू केला लक्ष्मीनगरच्या ताईंनी. त्या मुलाकडे न्यू जर्सीला सहा महिने राहून आल्या, तिथे एका क्विल्ट गिल्डमधे, म्हणजे गोधड्या शिवणाऱ्यांच्या मंडळात, जायच्या. तिकडे म्हणे रीतसर मीटिंग असते, मागच्या मीटिंगचा वृत्तांत वाचतात, मग ज्यानं त्यानं काय शिवलं ते उभं राहून दाखवायचं. अर्धवट पडलेल्या कामाला तिकडे यूएफओ म्हणतात, अनफिनिश्ड ऑब्जेक्ट. हा शब्द आम्ही इतका उचललाय की माझ्या घरी आता अर्धी चिरलेली भाजीपण यूएफओ असते. ताईंनी येताना रोटरी कटर (कापड कापायचं गोल फिरतं पातं) आणि रेघा मारलेली हिरवी मॅट आणली होती, पाव इंच शिलाई सोडायची, नऊ चौकोनांचा ब्लॉक करायचा वगैरे, आम्ही पहिले तीन महिने अगदी शाळेतल्या पोरींसारखं ते केलं. माझे चौकोन सगळ्यात सरळ यायचे. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ या सरळपणाच्या हौसेतूनच झाला.

मग नंदनवनच्या आजी आल्या. कोणाच्या तरी सासूच्या ओळखीच्या. वय ७८. त्यांनी ती मॅट बघितली, कटर बघितलं, म्हणाल्या, "पिझ्झा कापून राहिल्या का व?" आणि चटईवर बसून त्यांनी आम्हाला वाकळ मांडायला शिकवली. त्या वाकळ म्हणतात, खरं म्हणजे 'वाकय' म्हणतात, ळ त्यांच्या तोंडात येतच नाही. खाली जुनं लुगडं दुहेरी करून ताणून पसरायचं, चार कोपऱ्यांवर वजन, आत धुऊन धुऊन मऊ झालेली धोतरं, साड्या, वर परत लुगडं. नायलॉन, जॉर्जेट चालत नाही, आतल्या आत सरकतं. जीन्स घातली तर सुई रडते. खळ असलेलं नवं कापड तर अजिबात नको. मधून बाहेरच्या बाजूला मोठे कच्चे टाके घालत जायचं, म्हणजे मधे फुगा राहत नाही, आणि मगच धावदोरा, तो मात्र काठाकडून आत आत. आजी सुईवर एकदम तीन-चार टाके घेतात आणि मग ओढतात, त्यानं कापडाला बारीक चुणी पडते, पाण्यावर वारा आल्यासारखी. आणि गाठ मारत नाहीत. सुरुवातीला एक उलटा टाका, दोऱ्याचं शेपूट दोन थरांमधे सोडून द्यायचं, झालं. "पाठीले टोचते व गाठ, रात्रभर." हे मी ऐकलं होतं, मान पण हलवली होती. केलं मात्र कधी नाही, मला गाठीशिवाय भरवसाच वाटत नाही.

आजींचे यजमान एम्प्रेस मिलमधे होते. जमशेटजी टाटांनी काढलेली ती मिल, १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं तोच दिवस, म्हणून नाव एम्प्रेस. आता तिथे मॉल आहे. आम्ही एकदा 'शुक्रवारी तलावा'कडून गांधीबागला अस्तराचं कापड घ्यायला चाललो होतो तर आजी म्हणाल्या, इथं भोंगा वाजला की मी भात टाको. एवढंच. पुढं काही बोलल्या नाहीत, मॉलकडे बघितलं पण नाही, रिक्षावाल्याशी दहा रुपयांसाठी भांडायला लागल्या. सध्या जी मोठी गोधडी चालू आहे तिच्यात खालचं लुगडं त्यांचंच आहे, विटकरी रंगाचं, बारीक काठाचं.

तर ही मोठी गोधडी सगळ्यांची मिळून. प्रत्येकीच्या घरी पंधरा-वीस दिवस फिरते आणि शनिवारी गच्चीवर येते. जानेवारीत एका प्रदर्शनात आम्हाला अर्धं टेबल मिळालंय, तिथे ती मागे टांगायची आहे, विकायला नाही, नुसती दाखवायला. तिच्यावर बोट फिरवलं तर कोण कुठे बसलं होतं ते कळतं. बँकवाल्या काकूंचे टाके पासबुकात छापल्यासारखे. टेलरकाकांचे इतके बारीक की मशीनचे वाटावेत (काकांना हाताच्या टाक्याची लाज वाटते असा माझा संशय आहे). खामल्याच्या मावशी बोलता बोलता शिवतात, विषय रंगला की टाके लांबतात, मधेच सुनेचा विषय निघालेला स्पष्ट दिसतो.

ऑक्टोबरच्या शनिवारी आजींनी उजवीकडचा कोपरा घेतला होता. त्यांना तेव्हा मोतीबिंदूनं जवळजवळ दिसतच नव्हतं, हातानंच चाललं होतं सगळं. दिवाळीनंतर ऑपरेशन झालं एका डोळ्याचं, नोव्हेंबरमधे त्या आल्या नाहीत. आणि गोधडी नोव्हेंबरच्या शेवटी माझ्याकडे आली.

मी तो कोपरा बघितला. पाच ओळी. टाके इंच इंच लांब, ओळ सुरू एकीकडे आणि संपते भलतीकडेच, एका ठिकाणी दोन ओळी एकमेकींना अडकलेल्या. मला वाटलं प्रदर्शनात लोक बघतील. बघतील तर काय होईल याचं उत्तर माझ्याकडे आत्तापण नाहीये. रात्री टीव्हीसमोर बसून मी त्या उसवायला घेतल्या, उसवायचं ते छोटं हत्यार आहे ना ताईंनी आणलेलं, त्यानं दर तिसरा टाका कापायचा आणि दोरा ओढून घ्यायचा, सरसर निघतो. मागे राहिलेल्या भोकांवर पाणी शिंपडून नखानं घासलं की जुन्या सुती कापडाची भोकं बुजतात. बुजली. मग पट्टी ठेवून, खडूनं रेघ मारून, चार ओळी घातल्या. सरळ, सुबक. पाचवी राहिली कारण साडेअकरा झाले होते. दुसऱ्या दिवशी करू म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी गोधडी न्यायला खामल्याच्या मावशी आल्या. कोणाला बोलले नाही. अपराधी वगैरे काही वाटलं नाही तेव्हा, उलट एक काम हातावेगळं झालं असंच वाटलं.

आज आजी आल्या. काळा चष्मा, डोक्याला स्कार्फ, नातवाच्या गाडीवर मागे. गच्चीवर मस्त ऊन होतं, तर्री पोहे झाले, कोणीतरी सांबारवडी आणली होती (ती गोधडीपासून दहा फुटांवर ठेवायची असा नियम आहे, संत्र्यांनापण तोच, सालीचा रस उडतो). सगळ्या थंडीबद्दल बोलत होत्या, २०१८ ला २९ डिसेंबरला साडेतीन डिग्री झालं होतं ते प्रत्येक हिवाळ्यात निघतंच, प्रत्येकीकडे आपापली गोष्ट आहे, आजींची गोष्ट अशी की तेव्हा त्यांच्या घरात ब्लँकेटवरून भांडण झालं आणि शेवटी सगळे वाकळ मागायला आले.

मग ताईंनी नेहमीप्रमाणे मोबाईलवर फोटो दाखवले. अमेरिकेत अलाबामामधे जीज बेंड म्हणून एक जागा आहे, तिथल्या काळ्या बायकांच्या गोधड्या. शेतात घालून घालून झिजलेले कपडे, जीन्सचे गुडघे, पिठाच्या पिशव्या, असल्यातून केलेल्या. २००२ मधे न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममधे लागल्या, २००६ मधे पोस्टाची तिकिटं निघाली त्यांच्यावर. मिसूरी पेटवे नावाच्या बाईंनी १९४२ साली नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली, तोही फोटो होता, फिकट निळ्या राखाडी पट्ट्या, एकही धड सरळ नाही. आजींनी फोन चांगल्या डोळ्याजवळ नेऊन खूप वेळ बघितलं. बँकवाल्या काकू म्हणाल्या, तिकडे म्हणे मुद्दाम एक चूक ठेवतात, देवापुढे माणूस परिपूर्ण नाही म्हणून. मी मधेच बोलले की नाही हो, गोधड्यांचा इतिहास अभ्यासणारे सांगतात की ती मागाहून पसरलेली दंतकथा आहे. मला ही वाईट खोड आहेच. आजी म्हणाल्या, "मुद्दाम कायले ठेवा लागते व? माह्या तं आपोआप होतात." सगळ्या हसल्या. मी पण हसले.

आणि मग त्या गोधडीच्या उजव्या कोपऱ्याकडे सरकल्या. वाकायला डॉक्टरांनी मनाई केलीय म्हणून नातवानं खुर्ची लावून दिली आणि कोपरा मांडीवर उचलून दिला. म्हणाल्या, "पाहू तं द्या मले, अंधारात कसं शिवलं मी ते." महिनाभर, म्हणे, घरी पडल्या पडल्या हेच डोक्यात होतं, पट्टी निघाली की आपला कोपरा बघायचा.

मी समोरच बसले होते. सुईत दोरा ओवत होते, जात नव्हता.

त्यांनी बघितलं. मग चष्मा वर करून बघितलं. मग डोळे सोडून दिले आणि बोट फिरवलं, हळूहळू, ओळीच्या सुरुवातीला थांबल्या. गाठ लागली त्यांना. दुसऱ्या ओळीला परत गाठ.

"हे माह्या हातचं नाई."

कोणाला काही कळलं नाही. मावशी म्हणाल्या, अहो आजी तुम्हीच तर शिवलंय, किती छान आलंय बघा. मला त्या क्षणी गप्प बसता आलं असतं, आणि दोन-तीन सेकंद मी बसलेही, हे लिहिताना लाज वाटते. मग म्हटलं, आजी मी उसवलं. जरा वाकडं होतं म्हणून. प्रदर्शनासाठी.

आजी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसतं "हो का" म्हणाल्या आणि बोट पुढं नेत राहिल्या. पाचव्या ओळीला आल्या. ती जशीच्या तशी होती. तिच्यावर वाकल्या, नातू ओरडला आजी वाकू नको, तर कापडच वर डोळ्याजवळ घेतलं. आणि एकदम खुदकन हसल्या. "माय वो! हे तं मारबतीच्या मिरवणुकीवानी चाललं! इकून तिकून, गल्लीगल्लीतून!" मग टेलरकाकांना दाखवलं, नातवाला दाखवलं, ताईंना तिचा फोटो काढायला लावला. जवळजवळ पाच मिनिटं सगळ्या गच्चीवर ती एकच ओळ फिरत होती. बाकीच्या चार कशा होत्या ते आता माझ्याशिवाय कोणी बघितलेलं नाही, आणि मी पण नीट कुठे बघितल्या, मी चुका मोजत होते.

निघताना जिन्यात त्यांना म्हटलं, आजी मी माझे टाके काढते, तुम्ही परत घाला. म्हणाल्या, राहू दे, जुनं लुगडं हाय, दोनदा उसवलं तं फाटंल. आणि दोन पायऱ्या उतरून थांबल्या, "रविवारी काय करून राहिली? घरी ये. नातवाले सुई ओवता येत नाई, सुनेले टाइम नाई. दहा-पंधरा सुया ओवून ठेव, आठवडा जाईन माहा." बिना गाठीचा दोरा, हे पण सांगितलं, बोट दाखवून.

ते उसवलेले दोऱ्याचे तुकडे मी टाकून दिले होते असं मला वाटत होतं, पण आत्ता सुयांचा डबा उघडला तर खाली पडलेत, पांढरे, एकेक इंचाचे. डबा तसाच बंद केला.

नंदनवनला स्कूटीनंच जाईन, अकराच्या आत, नंतर ऊन टोचतं. वाटेत पांढऱ्या दोऱ्याचं रीळ घ्यायचं. आणि चष्मा. आज सकाळी दोरा जात नव्हता तो काही नुसत्या घाबरण्यानं नाही, मलाही जवळचं दिसत नाहीये आताशा, हे कोणाला सांगितलेलं नाही अजून.