सिम्पसनचे वाळवंट आणि रेडिओची निवड

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातले सिम्पसनचे वाळवंट स्वतः गाडी चालवत पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडायचे आम्ही ठरवले, तेव्हा तयारीच्या यादीत पाणी आणि डिझेल यांच्या लगोलग खाली रेडिओ होता. या वाळवंटात सुमारे अकराशे वाळूच्या टेकड्या आहेत. त्या जवळजवळ उत्तर-दक्षिण अशा समांतर रांगांनी पसरलेल्या आहेत आणि १९६० च्या दशकात तेलाच्या शोधासाठी पाडलेली ‘फ्रेंच लाइन’ ही वाट त्यांना थेट आडवी कापत जाते. त्यामुळे प्रत्येक चढाच्या माथ्यावर समोरून येणारी गाडी दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. मोबाइलला तिथे रेंज नाही. अशा ठिकाणी रेडिओ आपापसातल्या गप्पांसाठी नसून, नसलेल्या वाहतूक पोलिसाचे काम करण्यासाठी असतो, आणि हे एकदा ध्यानात आले की कोणता संच घ्यावा याचे उत्तर पुष्कळसे आपोआप मिळते.

आमच्या तीन गाड्यांच्या ताफ्यात एक मित्र युरोपातून आणि एक अमेरिकेतून येऊन मिळणार होता, आणि दोघांकडेही स्वतःचे वॉकी-टॉकी होते. युरोपातला संच पीएमआर प्रकारचा, म्हणजे ४४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात अर्ध्या वॅटवर चालणारा; अमेरिकेतला एफआरएस प्रकारचा, ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा. आपापल्या देशात दोन्ही विनापरवाना वापरता येतात, मात्र ऑस्ट्रेलियात दोन्हींचे बटण दाबणे बेकायदा आहे, कारण तिथे त्या लहरी वेगळ्या कामांसाठी राखलेल्या आहेत. रेडिओचा परवाना हा संचाला चिकटून प्रवास करत नाही, तो ज्या भूमीवर आपण उभे असतो तिथल्या कायद्यातून येतो, ही गोष्ट प्रवाशांच्या फार क्वचित लक्षात येते, कारण विमानतळावर या छोट्या डबीकडे सहसा कोणी ढुंकूनही पाहत नाही.

ऑस्ट्रेलियात प्रवाशांसाठी सोय आहे ती यूएचएफ सीबी रेडिओची, म्हणजे सामान्य नागरिकांसाठी मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यातल्या रेडिओची. ४७६ ते ४७७ मेगाहर्ट्झच्या दरम्यान ८० चॅनेल, जास्तीत जास्त पाच वॅट शक्ती, आणि सगळ्यांना एकाच वेळी लागू असणारा ‘क्लास लायसन्स’. म्हणजे अर्ज नाही, शुल्क नाही, परीक्षा नाही. अटी पाळल्या की परवाना आपल्याजवळ आहेच. मेख आहे ती त्या अटींमध्ये. संच तिथल्या सीबी मानकाला उतरलेला असावा लागतो. हल्ली सर्वत्र मिळणारे, हव्या त्या लहरीवर प्रोग्रॅम करता येणारे स्वस्त हँडसेट ४७७ मेगाहर्ट्झवर बोलू शकतात, म्हणून अनेक जण ते बिनधास्त नेतात; पण बोलता येणे आणि बोलण्याची मुभा असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि मानकात न बसणाऱ्या संचाला क्लास लायसन्सचे संरक्षण मिळत नाही.

चॅनेलांचीही शिस्त आहे. ५ आणि ३५ हे केवळ आणीबाणीसाठी राखलेले असून त्यांवर दुसरे काही बोलणे हा गुन्हा आहे. २२ आणि २३ वर आवाज पाठवायचाच नाही, ते दुरून मोजमापे पाठवणाऱ्या यंत्रांसाठी आहेत. १ ते ८ आणि ४१ ते ४८ हे रिपीटरच्या, म्हणजे ऐकलेला आवाज पुन्हा दूरवर पाठवणाऱ्या केंद्रांच्या, कामाचे असल्यामुळे ताफ्यातल्या गप्पांसाठी तेही टाळायचे. महामार्गावर ट्रकचालक ४० वर बोलतात, कॅराव्हॅनवाले बहुधा १८ वर, आणि चारचाकी मोहिमांचे ताफे १० वर.

आमच्यातल्या एकाकडे हौशी रेडिओचा, म्हणजे ‘हॅम’चा परवाना होता आणि त्याचा आग्रह होता की आपण त्याच पट्ट्यात बोलावे, कारण तिथे शक्ती अधिक वापरता येते. मला हा आग्रह तेव्हाही पटला नाही. हॅमचा पट्टा पात्रता मिळवलेल्यांसाठी असतो, आणि त्याच्याशिवाय आमच्यातल्या कोणाकडेही ती नव्हती.  शिवाय समोरून येणारा अनोळखी चालक त्या लहरीवर नसतोच, आणि आम्हाला बोलायचे होते ते नेमके त्याच्याशी.

हँडसेट की गाडीत बसवलेला संच, या प्रश्नावर माझे मत आता ठाम आहे. कागदावर दोन्हींची शक्ती पाच वॅटच असते, पण हँडसेट गाडीच्या आत धरला की चारही बाजूंचा पत्रा त्याची लहर अडवतो. अ‍ॅडलेडहून निघण्यापूर्वी एका मोकळ्या मैदानात आम्ही हे करून पाहिले: काच बंद ठेवून बोलणाऱ्याचा आवाज खरखरीत बुडत होता, तोच माणूस दार उघडून बाहेर उभा राहिला तेव्हा शब्द न् शब्द कळू लागला. म्हणून प्रत्येक गाडीत बाहेर अँटेना असलेला संच घेतला आणि हँडसेट ठेवले ते फक्त गाडीतून उतरून वाट दाखवणाऱ्यासाठी.

अँटेनाच्या बाबतीत ‘जितका गेन (लहर एका दिशेला एकवटण्याची क्षमता, डीबीआयमध्ये मोजतात) जास्त तितका चांगला’ हा समज वाळूच्या टेकड्यांत उलटा पडतो. अँटेना शक्ती निर्माण करत नाही, असलेली शक्ती फक्त वेगळ्या आकारात पसरवते. नऊ डीबीआयची उंच अँटेना लहर ताटासारखी चपटी करून क्षितिजाच्या दिशेने लांब फेकते. सपाट मैदानात याचा फायदा होतो. पण एक गाडी माथ्यावर आणि दुसरी दोन रांगांमधल्या खोलगट भागात असेल, तर ते ताट खालच्या गाडीच्या डोक्यावरून निघून जाते. तीन डीबीआयच्या आसपासची आखूड अँटेना वर-खाली सगळीकडे थोडे-थोडे पोहोचते. ती बुलबारवर, म्हणजे गाडीच्या पुढच्या संरक्षक कठड्यावर, लावली, आणि तिच्याशेजारी वाळवंटात सक्तीचा असलेला, जमिनीपासून साडेतीन मीटर उंच पोहोचणारा झेंडा उभा केला.

रेडिओचा पहिला खरा उपयोग वाळवंटात नव्हे, तर स्टुअर्ट महामार्गावर झाला. तिथे ‘रोड ट्रेन’ धावतात. काहींची लांबी ५३ मीटरपर्यंत असते आणि मागून चालताना पुढचा रस्ता अजिबात दिसत नाही. ४० वर मी, ‘तुमच्या मागे पांढरी गाडी आहे, पुढे जायचे आहे,’ असे सांगितले. काही क्षण शांतता, मग कंटाळलेल्या पण सभ्य आवाजात उत्तर आले की पुढे दोन गाड्या येत आहेत, थांबा. आणि त्या गेल्यावर, ‘आता मोकळे आहे, या.’ अर्थात त्याने सांगितले तरी शेवटी डोळ्यांनी खात्री करूनच ओलांडायचे असते.

वाळवंटाच्या पश्चिम कडेच्या डलहौसीच्या गरम झऱ्यांपासून पुढे सर्वांनी संच १० वर आणले. पद्धत साधी होती. चढाला लागण्यापूर्वी पहिल्या गाडीने आपली जागा, दिशा आणि ताफ्यातल्या गाड्यांची संख्या सांगायची, मग बटण सोडून ऐकायचे. दुपारच्या सुमारास एका चढाच्या पायथ्याशी आमच्या पुकाऱ्याला अनोळखी बाईंचे उत्तर आले: त्या पलीकडच्या बाजूने, दोन गाड्यांसह, माथ्याच्या अगदी जवळ होत्या. आम्ही बाजूला सरकून थांबलो. मिनिटभरात आधी झेंड्याचे केशरी टोक, मग छपरावरची टोपली आणि मग गाडी, अशा क्रमाने ती माणसे माथ्यावरून खाली उतरली.

इथे एक सूचना आवर्जून करतो. अनेक संचांत ‘प्रायव्हसी टोन’ची सोय असते आणि आपल्या ताफ्याचे बोलणे स्वच्छ ऐकू यावे म्हणून लोक ती चालू ठेवतात. तिने बोलणे गुप्त राहत नाही. उलट तो टोन न पाठवणाऱ्या प्रत्येकासाठी आपण बहिरे होतो. त्या बाईंचा आवाज आम्हाला ऐकूच आला नसता. आपापसात बोलायचे असेल तर दुसरा चॅनेल घ्यावा आणि संच दोन्हींवर कान ठेवील अशी स्कॅनची मांडणी करावी.

यूएचएफची धाव मात्र नजरेच्या टप्प्याइतकीच. टेकड्यांत ती काही किलोमीटरवर संपते. मदत मागायची तर दुसरे साधन हवे. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात हे काम दीर्घकाळ एचएफ, म्हणजे लांब पल्ल्याच्या लघुलहरींच्या, रेडिओने केले. १९२९ मध्ये आल्फ्रेड ट्रेगर यांच्या पायडल मारून वीज निर्माण करणाऱ्या संचांमुळेच एकाकी वस्त्या विमानाने रुग्णांपर्यंत जाणाऱ्या ‘उडत्या डॉक्टरां’च्या सेवेशी जोडल्या गेल्या. आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परावर्तित होणाऱ्या या लहरी शेकडो किलोमीटर जातात, पण त्यासाठी मोठी अँटेना, सराव आणि सीबीपेक्षा वेगळा परवाना लागतो. एकाच प्रवासासाठी एवढा खटाटोप मला अनाठायी वाटला. आम्ही भाड्याने उपग्रह फोन आणि संकटात उपग्रहाला इशारा पाठवणारा ४०६ मेगाहर्ट्झचा आपत्कालीन बीकन घेतला, आणि दोन्ही ऑस्ट्रेलियातच परत केले. परवानगीशिवाय उपग्रह फोन सोबत घेऊन भारतात उतरणे किती महागात पडू शकते, याच्या बातम्या वाचणाऱ्यांना कारण सांगायला नको.

हाच विचार सीबी संचांनाही लागू होता. भारतात २०१८ च्या नियमांनुसार वॉकी-टॉकीला विनापरवाना मुभा आहे ती ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमध्ये, आणि तरीही त्या नमुन्याला सरकारी मान्यता असावी लागते. ४७७ मेगाहर्ट्झचा संच त्यात बसत नाही. वाळवंटाच्या पूर्व कडेच्या बर्ड्‌सव्हिल गावी पोहोचल्यावर माझा विकत घेतलेला हँडसेट मी अमेरिकेच्या मित्राला देऊन टाकला. तो पुढे न्यूझीलंडला चालला होता, आणि तिथे हेच ८० चॅनेल याच लहरींवर, वैयक्तिक परवाना न घेता वापरता येतात.