ताप उतरला तरी डोस तोच

विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतून आणलेला मुलगा विशीतला. वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळते. डावा कान लहानपणापासून वाहायचा. ताप आणि डोकेदुखी सुरू झाल्यावर घराजवळच अमिकासिनची इंजेक्शनं आणि सेफिक्झिमच्या गोळ्या, दोन्ही अँटिबायोटिक्स, झाल्या होत्या. आमच्या वॉर्डात आला तेव्हा तो बरळत होता, मान ताठ, हनुवटी छातीला टेकेना. संशय मेनिंजायटिसचा, म्हणजे मेंदूच्या आवरणांना जंतूंमुळे आलेल्या सुजेचा.

रक्त कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला पाठवलं, डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देऊन लगेच सेफ्ट्रिॲक्सोन आणि व्हँकोमायसिन ही अँटिबायोटिक्स सुरू केली, मग मेंदूचा सीटी स्कॅन. पाठीतलं पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं पाणी, सुईनं काढायचं म्हटल्यावर आई घाबरली. "माणूस लुळा पडतो म्हणतात ओ साहेब." सुई टोचतो त्याच्या वरच मज्जारज्जू संपलेला असतो, हे माझ्या कमरेवर बोट ठेवून दाखवलं, तेव्हा तिनं अंगठा दिला. सुईतून थेंब आले ते तांदळाच्या धुवणासारखे गढूळ. साखर खूप कमी, प्रोटीन वाढलेलं, ग्राम स्टेनमध्ये, म्हणजे रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर, जोडीजोडीनं बसलेले न्यूमोकोकस जंतू.

"सर, एवढी अँटिबायोटिक्स होऊनही?" इंटर्ननं विचारलं. प्रश्न रास्तच होता. औषध शरीरात गेलं होतं, पण जंतू होते तिथे पुरेसं पोचलंच नव्हतं. मेंदूकडच्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात, त्यांच्या मधून औषध सहज निसटत नाही. मेदात विरघळणारे छोटे रेणू पेशीतूनच पार होतात. क्लोरॅम्फेनिकॉल, मेट्रोनिडॅझोल आणि टीबीच्या औषधांतले आयसोनियाझिड, पायराझिनामाइड चांगले उतरतात. अमिकासिन पाण्यात विरघळणारं, ते बाहेरच अडतं. व्हँकोमायसिनचा रेणू तर चौदाशे डाल्टनच्या वर वजनाचा, म्हणजे खूपच मोठा. पेनिसिलिन थोडं आत गेलं तरी तिथले पंप ते उलट रक्तात फेकतात. शिवाय मेंदूभोवतीचं ते पाणी असतं जेमतेम दीडशे मिली आणि दिवसाला नवं तयार होतं पाचशेच्या आसपास, म्हणजे आत गेलेलं औषधही वाहून जातं.

आणि सेफ्ट्रिॲक्सोन? रक्तात त्याचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग प्रथिनांना चिकटून राहतो. मेंदूची आवरणं सुजलेली असतात तेव्हा रक्तातल्या पातळीच्या फार तर दहा-पंधरा टक्के औषध पाण्यात उतरतं. सूज नसेल तर एखादाच टक्का. म्हणून मोठ्या माणसाला दर बारा तासांनी दोन ग्रॅम.

खरी कसोटी पुढे होती. मुलगा शुद्धीवर आला, ताप गेला, कडक भाकरी आणि शेंगाचटणी मागू लागला. वडील माझ्याकडे आले. "साहेब, आता गोळ्या लिहून द्या की. माग बंद पडलाय." त्याच राउंडला सिस्टरनंही विचारलं, डोस एक ग्रॅमवर आणू का? दोघांचंही चुकलं असं मला वाटत नाही. न्यूमोनियात आपण असंच करतो. मेनिंजायटिसमध्ये मात्र हे उलटं आहे, आणि ते मला मनापासून सांगावंसं वाटतं.

कॉटशेजारी बसून वडिलांना म्हटलं, "सूज आहे म्हणून औषध आत जातंय. पोरगं बरं होतंय म्हणजे सूज उतरतेय. आता औषध आणखी कमी जाणार. अशात डोसही कमी केला तर उरलेले जंतू परत उठतील." ते गप्प. आईनं मात्र नवऱ्याला तेलुगूत भराभर काहीतरी सांगितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "किती दिवस ते सांगा, आम्ही राहतो."

दोन आठवडे पूर्ण केले, शेवटच्या इंजेक्शनपर्यंत तोच डोस. कल्चरमध्ये जंतू सेफ्ट्रिॲक्सोनला दाद देणारा निघाला, त्यामुळे व्हँकोमायसिन आधीच थांबवता आलं. न्यूमोकोकसच्या मेनिंजायटिसनंतर बहिरेपण येऊ शकतं, म्हणून घरी सोडण्यापूर्वी ऐकण्याची तपासणी करून घेतली. उजवा कान ठीक आहे. डाव्या कानाचं हाड किडलंय, त्याच्या ऑपरेशनसाठी कान-नाक-घसा विभागात पाठवलंय. ते झालं नाही तर जंतूंना तीच वाट पुन्हा मोकळी आहे, हे आईला दोनदा सांगितलंय.