कॉर्न स्नेकचं पिल्लू आणि परभणीचा उन्हाळा: पहिल्या वर्षाचा माझा अनुभव

कॉर्न स्नेकच्या पिल्लाबद्दल वाचायला बसलं की निम्मी माहिती ऊब कशी द्यायची यावरच असते. साप अमेरिकेच्या आग्नेय भागातला, आणि ती माहिती लिहिणारे बहुतेक जण थंड मुलखातले. परभणीत ही काळजी डिसेंबर-जानेवारीपुरती. मार्चपासून पाऊस पडेपर्यंत पिल्लू गार कसं ठेवायचं हाच इथला प्रश्न आहे. वर्षभर काय केलं आणि कुठे बिघडतं ते क्रमाने लिहितो.

नोव्हेंबरात आणलं तेव्हा पिल्लू ७ ग्रॅमचं, जेमतेम २८ सेंटिमीटर आणि पेन्सिलीहून बारीक होतं. घेताना रंग नंतर पाहावा. पहिली कात टाकली का, किमान चार-पाच वेळा स्वतःहून खाल्लं का, आणि गोठवलेली उंदराची पिल्लं खातं का, हे आधी विचारावं. कधीच न खाल्लेलं पिल्लू कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नये. बिल जपून ठेवावं. धामण, तस्कर, मांडूळ असा कोणताही देशी साप घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे आपला साप परदेशी जातीचा आहे हे कागदावर दाखवता आलं पाहिजे. घरच्यांना आणि शेजाऱ्यांनाही आधीच सांगून ठेवावं. पाठीवरचे तांबूस-तपकिरी ठिपके पाहून आपल्याकडे पहिला संशय घोणसाचा येतो, आणि घोणसाच्या पिल्लाला कोणी जिवंत ठेवत नाही. डब्यावर जात आणि ‘बिनविषारी’ असं ठळक लिहिलेलं असावं.

डबा फार मोठा नको. उघड्या मोठ्या जागेत पिल्लू बुजतं आणि खाणं सोडतं. क्लिपचं घट्ट झाकण असलेला ८-१० लिटरचा प्लास्टिकचा डबा पहिले सहा-आठ महिने पुरतो. हवेसाठी सोल्डरिंग आयर्नने बाजूंना ३ मिलिमीटरची भोकं पाडली आणि आतल्या कडा घासून गुळगुळीत केल्या. डोकं जिथून जातं तिथून पूर्ण पिल्लू जातं, म्हणून ५ मिलिमीटरची फटसुद्धा धोक्याची. आत दोन लपायच्या जागा हव्यात, एक उबदार टोकाला आणि एक गार टोकाला. एकच ठेवली तर पिल्लू आडोसा सोडायचा नाही म्हणून नको त्या तापमानात बसून राहतं. तळाला टिश्यू पेपर किंवा वर्तमानपत्र घालावं. लाकडाच्या वखारीतला भुसा घालू नये. देवदार आणि पाइनच्या भुशातली तेलं सापाच्या श्वसनाला बाधतात. डांबर गोळ्या, डास मारायचा फवारा आणि फिनेल त्या खोलीत आणायचंच नाही.

चिकटपट्टी डब्याच्या आत कधीही लावू नये. तिला चिकटलेलं पिल्लू ओढून काढलं तर कातडी सोलून निघते. चिकटलंच तर खोबरेल तेल सोडून, थांबत थांबत सुटं करावं लागतं.

मुंग्यांचा विचार कोणत्याच परदेशी माहितीत सापडला नाही. खाऊचा वास लागला की रात्रीतून रांग लागते, आणि ७ ग्रॅमच्या जिवाला तांबड्या मुंग्या मारू शकतात. डबा ज्या स्टुलावर आहे त्याचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत. दुधाच्या पातेल्याला आपण करतो तेच.

थंडीत हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, डब्याच्या बाहेरून, तळाच्या एक तृतीयांश भागाखाली लावावी. थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या तापमानाला वीज बंद-चालू करणाऱ्या यंत्राशिवाय, ती वापरू नये, कारण नुसती मॅट ४० अंशांच्या वर जाऊन पोट भाजू शकते. अंडी उबवण्याच्या मशीनला लावतात तसला डिजिटल थर्मोस्टॅट चालतो. जोडणी मात्र वायरमनकडूनच करून घ्यावी. उबदार टोक २९ ते ३०, गार टोक २३ ते २५ अंश. थर्मोस्टॅटची तापमान मोजणारी तार मॅट आणि डब्याचा तळ यांच्यामध्ये पक्की बसवावी. ती सरकून बाहेर आली तर थर्मोस्टॅटला खोलीची थंडी दिसते आणि मॅट बंदच होत नाही. मॅट डब्याचा तळ तापवते, हवा नाही. जानेवारीत परभणीचा पारा १० अंशांच्या खाली गेला तेव्हा डब्याच्या तीन बाजूंना थर्माकोलची शीट लावली, भोकं मात्र उघडी ठेवली. रात्री लाईट गेली तर कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून बाहेरून टेकवली की तीन-चार तास निभावतं.

आणल्यावर पहिले सात दिवस हात लावायचा नाही, फक्त पाणी बदलायचं. आठव्या दिवशी पहिला खाऊ. गोठवलेल्या पिंकी, म्हणजे उंदराची केस न आलेली पिल्लं, पुण्याहून थर्माकोलच्या खोक्यात मागवाव्या लागतात. ट्रॅव्हल्सने रात्रीच्या गाडीलाच पाठवायला सांगावं. वाटेत वितळलेली पिंकी परत गोठवून वापरू नये. पिशवीत घालून आधी साध्या आणि मग हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात १५ मिनिटं ठेवावी. मायक्रोवेव्ह नको, उकळतं पाणीही नको, पोट फुटतं. आतून गार राहिलेली पिंकीही देऊ नये. कोरडी करून, लांब चिमट्यात कमरेशी धरून, डोकं पुढे करावं आणि अगदी हळू हलवावं. पिल्लू आधी जीभ बाहेर काढून अंदाज घेतं, मान इंग्रजी एससारखी मागे ओढतं, आणि झेप इतकी अचानक येते की चिमटा सुटतो. पकडल्यावर दोन वेटोळे, मग डोक्याकडून गिळणं. त्या वेळी उठायचं नाही, दिवा लावायचा नाही.

मापाला सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅमचा छोटा काटा घ्यावा. पिल्लू १५ ग्रॅमचं होईपर्यंत दर पाच-सहा दिवसांनी एक पिंकी, पुढे २३ ग्रॅमपर्यंत दोन, २४ नंतर बारीक केस आलेली फझी. खाऊची जाडी सापाच्या सर्वांत जाड भागाच्या सव्वा ते दीडपट, त्याहून जास्त नाही. खात नसेल तर पिंकी पुन्हा गरम करावी, डोक्याला बारीक चीर द्यावी आणि छोट्या अंधाऱ्या डबीत दोघांना रात्रभर एकत्र ठेवावं. बहुतेकदा सकाळी डबीत एकटं पिल्लू असतं.

खाल्ल्यावर ४८ तास हात लावायचा नाही, आणि हा नियम पाहुण्यांसाठीही मोडायचा नाही. पिल्लांना ओकारी होते ती बहुतेक हाताळल्यामुळे, मोठ्या खाऊमुळे किंवा तापमानामुळे. गारठ्यात पचन थांबतं आणि पोटातच खाऊ कुजतो, उन्हाळ्यात उष्म्याने शरीर तो टाकून देतं. ओकारीत जठराचं आम्ल जातं आणि अन्ननलिका भाजते, म्हणून लगेच परत खायला घालणं ही सर्वांत घातक चूक. पूर्ण १२ ते १४ दिवस फक्त पाणी, मग नेहमीच्या निम्म्या मापाचा खाऊ. दुसऱ्यांदा ओकलं तर पशुवैद्य. परभणीत आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. सरपटणारे प्राणी तपासायची सवय कोणाला आहे हे गरज पडण्याआधीच विचारून ठेवावं.

मार्चच्या मध्याला मॅट काढून ठेवली. खोलीच २९ अंशांवर असते तेव्हा तिचं काम उरत नाही. एप्रिलमध्ये बाहेर ४२ अंश असताना घरात एकाच वेळी दोन ठिकाणी थर्मामीटर ठेवले: कपाटावर ३६, फरशीवर ३२. डबा त्याच दिवशी खाली आला. स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो. ज्यांच्याकडे जुनं माळवदाचं घर आहे त्यांनी मधल्या खोलीत डबा ठेवावा, तिथे मातीचा थर आणि जाड भिंती निम्मं काम करतात. पत्र्याच्या खोलीत हा साप ठेवूच नये. ३२ च्या वर सतत राहिलं की जपावं, ३५ ला जीव जाऊ शकतो. पिल्लू तासन् तास पाण्याच्या वाटीत पडून राहिलं, किंवा भिंतीला नाक घासत फिरत राहिलं, तर त्याला उकडतंय असं धरावं. गोठवलेली पाण्याची बाटली नॅपकिनात गुंडाळून डब्याच्या एकाच टोकाला बाहेरून टेकवावी, म्हणजे दुसऱ्या टोकाला जायची मोकळीक राहते. ओला कपडा पूर्ण झाकणावर टाकू नये, भोकं बुजतात. कूलर चालतो, पण झोत डब्यावर नको आणि खिडकी उघडी हवी. खाऊ रात्री दहानंतर आणि नेहमीपेक्षा लहान द्यावा. रात्रीही खोली ३३ च्या खाली येत नसेल तर तो आठवडा सोडून द्यावा. भूक त्याला मारत नाही.

त्याच कोरड्या हवेत कात अडकते. डोळे दुधी-निळसर झाले की खाऊ बंद करावा. चार-पाच दिवसांनी डोळे परत स्वच्छ होतात आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांत कात पडते. या काळात २ सेंटिमीटर भोक पाडलेली डबी, आत पिळलेला ओला टिश्यू, एवढं पुरतं. पडलेली कात उचलून उजेडात धरावी: दोन्ही डोळ्यांवरच्या गोल पारदर्शक टोप्या आणि शेपटीचं टोक दिसलंच पाहिजे. शेपटीला कातीची कडी राहिली तर रक्त अडतं आणि टोक वाळून गळतं. २८ अंशांच्या, पोटाइतक्या पाण्यात २० मिनिटं ठेवून ओल्या कापडातून सरकू द्यावं. डोळ्यावरची टोपी राहिली तर ओरबाडू नये, पुढच्या कातेबरोबर निघेल अशी ओल वाढवावी.

जुलैत पाऊस लागल्यावर काळजी उलटते. दमट हवेत कागद ओला राहिला की पोटाखालच्या खवल्यांवर फोड येतात, म्हणून कागद रोज बदलला आणि पाण्याची वाटी लहान केली. नागपंचमीला शेजारच्या काकू श्रद्धेने दूध घेऊन येतात. सापाला दूध पचत नाही, त्याने जुलाब होतात, हे नीट समजावलं तर त्या ऐकतात. हळद-कुंकू डब्याच्या बाहेर वाहू द्यावं.

वर्षाअखेर पिल्लू ७० ग्रॅमचं झालं आणि ३० लिटरच्या डब्यात गेलं. डबा बदलताना जुनी लपायची डबी धुतली नाही, तशीच नव्या डब्यात ठेवली. ओळखीचा वास असला की पहिल्याच आठवड्यात खातं.